कुत्र्याला कॅन्सर आणि पीईएमएफची मॅट: कॉइल काय करते, काय करत नाही

पीईएमएफ म्हणजे पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड. नाव भारी आहे, पण मशीन उघडलं तर आत निघतं काय, तांब्याच्या तारेची कॉइल, तिला करंट देणारं छोटं सर्किट आणि तो करंट सलग न सोडता थांबून थांबून झटक्यांनी सोडायची व्यवस्था. बस. वरचं मऊ कापड, मोबाइलचं अॅप, निळा लाइट हे सगळं पॅकिंग. माझं काम नाशिकच्या सातपूरला मोटर रिवाइंडिंगचं, दिवसभर हातात कॉइलच असते, त्यामुळे सोमेश्वरकडे सकाळी कुत्री फिरवायला येणारी ओळखीची मंडळी मलाच विचारतात, भाऊ ते मशीन खरंच चालतं का, आमच्या लॅब्रेडॉरला कॅन्सर निघालाय आणि कोणीतरी सांगितलंय रोज अर्धा तास त्याच्यावर झोपवा, गाठ विरघळते. मी व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॉइलचं मला कळतं, बाकीचं वाचून आणि डॉक्टर लोकांना विचारून जेवढं पक्कं समजलं तेवढंच इथे लिहितोय.

उत्तर शेवटपर्यंत लपवून ठेवत नाही. मशीन कशासाठी घेताय ते आधी ठरवा. दुखणं, सूज, ऑपरेशनची जखम यासाठी घेत असाल तर त्याला थोडाफार आधार आहे, डॉक्टरांना विचारून वापरता येतं. गाठ मारण्यासाठी घेत असाल तर कुत्र्यांमध्ये तसं सिद्ध झालेलं नाही आणि कुत्र्याच्या कॅन्सरवरचा उपचार म्हणून त्याला मान्यताही नाही. घोळ कुठे होतो तर विकणारा पुरावा दाखवतो दुखण्याचा आणि पैसे घेतो गाठीचे.

आता कॉइलकडे येऊ. तारेतून करंट गेला की तिच्याभोवती मॅग्नेटिक फील्ड तयार होतं, आणि ते फील्ड कमीजास्त होत राहिलं की जवळ जी काही वीज वाहू शकणारी वस्तू असेल तिच्यात आपोआप बारीक करंट येतो. हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं आणि त्याच्यावरच आमचा सातपूर-अंबडचा अर्धा धंदा चालतो, मोटर म्हणा, ट्रान्सफॉर्मर म्हणा. घरातली इंडक्शन शेगडी पण तीच, खाली कॉइल, मध्ये काच, वर भांडं, भांड्याला कुठेच वायर लागलेली नाही तरी तापतं. कुत्र्याचं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, त्यातून वीज वाहते, म्हणून कॉइल जवळ आणली की त्याच्या मांसात, हाडात पण अगदी बारीक करंट येतो. शेगडीत पॉवर प्रचंड असते म्हणून भांडं तापतं, इथे ती इतकी कमी असते की बहुतेक कुत्र्यांना काही जाणवतही नाही, बरीच तर झोपून जातात. मॅट चांगली गरम लागत असेल तर ती एकतर हीटिंग पॅडवाली आहे नाहीतर बिघडलेली.

सगळं काम बदलणाऱ्या फील्डचं आहे हे लक्षात ठेवा, कारण बाजारात चुंबकाची गादी, चुंबकाचा पट्टा, चुंबकाचं पाणी हेही याच नावाखाली खपवतात. साधं चुंबक जागेवर ठेवलं की त्याचं फील्ड स्थिर, ते बदलत नाही, मग आत करंटही तयार होत नाही. गळ्यात मॅग्नेटचा पट्टा घालून फिरणाऱ्या कुत्र्याला पीईएमएफ मिळतंय असं कोणी सांगितलं तर तिथेच नमस्कार करून निघा.

थोडे आकडे देतो म्हणजे अंदाज येईल. पृथ्वीचं स्वतःचं फील्ड नाशिकमध्ये साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे (टेस्ला हे फील्ड मोजायचं माप, मिलिटेस्ला त्याचा हजारावा भाग, मायक्रोटेस्ला दहा लाखावा). एमआरआयचं नेहमीचं मशीन दीड टेस्लाचं असतं, म्हणजे त्याच्या तीस-पस्तीस हजार पट. पीईएमएफच्या मशीनचं एक असं काही ठरलेलं नाही, काही तर काही मायक्रोटेस्लाचीच म्हणजे पृथ्वीपेक्षाही कमी, काही दोन-चार मिलिटेस्लाची, क्लिनिकमधली मोठी त्याहून जास्त. फ्रिक्वेन्सी पण एक नाही, कुणाची सेकंदाला १०, कुणाची ७५, आणि कुत्र्यांसाठी जे हलके रिंगसारखे लूप निघालेत त्यांची तर २७.१२ मेगाहर्ट्झची लहर असते, ती सेकंदाला दोनदा अशी थोडी थोडी सोडतात. म्हणजे पीईएमएफ हे एका औषधाचं नाव नाहीच, गोळी म्हटल्यावर जसं काही कळत नाही की कसली गोळी, किती मिलिग्रॅम, तसंच हे. त्यामुळे "पीईएमएफवर स्टडी झालाय" एवढं ऐकून काही उपयोग नाही, कुठल्या फील्डवर, किती वेळ, कोणावर, कशासाठी, हे कळल्याशिवाय तो स्टडी तुमच्या मॅटला लागू होत नाही.

अजून एक गैरसमज काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं की हे म्हणजे कॅन्सरचे शेक, फक्त घरगुती. नाही हो. शेक म्हणजे रेडिएशन थेरपी, त्यातल्या एक्स-रेमध्ये एवढी ताकद असते की पेशीतला डीएनए तुटतो, म्हणून गाठ मरते आणि म्हणूनच आजूबाजूची कातडीही भाजते. पीईएमएफच्या लहरीत डीएनए तोडायची ताकदच नाही. त्यामुळे एका बाजूने ते बरंच सुरक्षित आहे, आणि त्याच कारणाने शेकासारखी गाठ मारायचं कामही त्याच्याकडून होत नाही. दोन्ही गोष्टी एकत्रच येतात, विकणारे फक्त पहिली सांगतात.

मग याला काहीच अर्थ नाही का, तर तसंही नाही, आणि गंमत म्हणजे याची सुरुवातच कुत्र्यांपासून झाली. हाडावर दाब आला की त्यातून बारीक वीज तयार होते हे १९५७ मध्ये फुकादा आणि यासुदा या दोन जपानी संशोधकांनी दाखवलं होतं. मग डोकं असं चाललं की वीज बाहेरून दिली तर हाड लवकर जुळेल का. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतले ऑर्थोपेडिक सर्जन अँड्र्यू बॅसेट आणि त्यांच्या टीमने कुत्र्यांच्या पायातलं बारीक हाड कापून त्यावर बाहेरून कॉइलचं फील्ड देऊन बघितलं, १९७४ मध्ये ते छापून आलं, आणि १९७९ मध्ये औषधं आणि मशीन मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने माणसांची न जुळणारी फ्रॅक्चर जुळवायला अशा मशीनला परवानगी दिली. आजही ऑर्थोपेडिकवाले ते वापरतात. म्हणजे थेरपी भोंदूगिरीतून आलेली नाही, चांगल्या घराण्यातली आहे, फक्त तिचं नाव घेऊन तिसरेच लोक पैसे कमावतात.

दुखण्यावर ती कशी चालते याचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा खुलासा असा की फील्डमुळे पेशीत कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिन नावाचं प्रोटीन यांचं जुळणं वाढतं, त्यातून थोडा थोडा नायट्रिक ऑक्साइड सुटतो, रक्तवाहिन्या किंचित सैल होतात, सूज उतरायला मदत होते. यावर अजून वाद आहेत. पण कुत्र्यांवरच्या छोट्या ट्रायल झाल्यात, मणक्याच्या डिस्कचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांवर, काहींना चालू लूप आणि काहींना बंद लूप लावून, आणि त्यात टाक्यांच्या जागेचं दुखणं कमी झालेलं दिसलं. सांधेदुखीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांवरही काही काम झालंय. फार मोठे स्टडी नाहीत, पण निदान कुत्र्यांवर झालेले आहेत आणि दुखण्यासाठीच झालेले आहेत.

आता कॅन्सर. इथे थोडं सावकाश वाचा कारण सगळा गोंधळ इथेच आहे.

लॅबमध्ये, म्हणजे काचेच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर, पीईएमएफचा परिणाम दिसलाय हे खरं आहे. २०१३ मध्ये छापलेल्या एका कामात माणसाच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर ३ मिलिटेस्ला, २० हर्ट्झचं फील्ड रोज तासभर असं दिलं तर त्या पेशींचं नुकसान झालं आणि तसंच फील्ड दिलेल्या निरोगी पेशींना तसं झालं नाही. वाचायला भारी वाटतं, आणि संशोधनाच्या दृष्टीने आहेही. पण डिशमधली पेशी म्हणजे एक पातळ थर, तिच्यावर कॉइल अगदी चिकटून. कुत्र्याच्या पोटात, चरबीच्या आणि मांसाच्या आत, स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन बसलेली लिंबाएवढी गाठ ही वेगळीच गोष्ट. डिशमध्ये कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या वस्तू पोत्याने सापडतात, त्यातल्या जिवंत प्राण्यात चालणाऱ्या फारच थोड्या निघतात.

मग येतात पीईएमएफची चुलत भावंडं, म्हणजे तशीच वाटणारी पण वेगळी तंत्रं. तुम्हाला कोणी तरी व्हिडिओ दाखवेल की बघा अमेरिकेत फील्डने ब्रेन ट्यूमरवर उपचार करतात. करतात, अगदी खरं आहे, त्याला ट्यूमर ट्रीटिंग फील्ड्स म्हणतात, २०११ मध्ये एफडीएने मान्यता दिली. पण ते मॅग्नेटिक नाही, ते इलेक्ट्रिक फील्ड आहे, २०० किलोहर्ट्झचं, पेशंटच्या डोक्यावरचे केस काढून तिथे पट्ट्या चिकटवतात आणि दिवसाचे १८ तास ते चालू ठेवायचं असतं. पेशी दोन होताना आत जी धाग्यांची रचना उभी राहते तिच्यात ते व्यत्यय आणतं. एवढं करून केमोसोबत वापरल्यावर पेशंटचं मधलं आयुष्य (मीडियन, म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्यापेक्षा जास्त जगतात तो आकडा) १६ महिन्यांवरून जवळपास २१ महिन्यांवर गेलं, तेही ग्लायोब्लास्टोमासारख्या भयंकर आजारात, त्यामुळे ते मोठंच काम आहे. पण तुमच्या मॅटचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

दुसरं, लिव्हरच्या कॅन्सरसाठी तोंडात चमच्यासारखा अँटेना धरायचं एक मशीन आहे, त्याला २०२३ मध्ये एफडीएने मर्यादित परवानगी दिली, जिथे बाकीचे उपचार संपलेत अशा माणसांसाठी. त्याची लहर पण २७.१२ मेगाहर्ट्झच आहे, कुत्र्यांच्या लूपसारखी, आणि इथेच लोक फसतात की बघा तीच फ्रिक्वेन्सी. अहो, लहर तीच असली तरी तिच्यावर जे चढवलंय ते वेगळं, रेडिओच्या एकाच स्टेशनवर सकाळी भजन आणि संध्याकाळी बातम्या लागतात तेव्हा फ्रिक्वेन्सी तीच असते ना.

तिसरं भावंड मात्र कुत्र्यांसाठी खरंच कामाचं आहे, इलेक्ट्रोकेमोथेरपी. यात कुत्र्याला भूल देऊन ब्लिओमायसिनसारखं औषध देतात आणि गाठीला इलेक्ट्रोड लावून किंवा सुया टोचून एका सेंटिमीटरला हजार-तेराशे व्होल्ट अशा हिशोबाने मायक्रोसेकंदाचे झटके देतात, त्याने पेशीच्या पातळ आवरणाला क्षणभर भोकं पडतात आणि औषध आत शिरतं. इटली, स्लोव्हेनिया वगैरे ठिकाणी कातडीच्या गाठींसाठी हे बरीच वर्षं करतात. झटके आहेत, पल्स आहे, म्हणून याचे रिझल्ट पीईएमएफच्या माहितीपत्रकात घुसवलेले असतात. घरच्या मॅटमधून शरीरात जी वीज तयार होते ती याच्या जवळपासही जात नाही, हजारो-लाखो पटींनी कमी.

आणि नासा. प्रत्येक दुसऱ्या जाहिरातीत नासा असतंच. नासाने २००३ मध्ये बदलत्या फील्डवर एक अहवाल काढला होता, तो डिशमध्ये वाढवलेल्या माणसाच्या मज्जासंस्थेच्या पेशींवर होता. कॅन्सरचा नव्हता, कुत्र्याचा नव्हता, आणि मॅटचा तर नव्हताच.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली सांगतो जी डॉक्टर सहसा सांगत नाहीत आणि विकणारा सांगणारच नाही. कॉइलचं फील्ड लांब जाताना फार पटकन पडतं. समजा १० सेंटिमीटर त्रिज्येची गोल कॉइल आहे, तर तिच्या मध्यभागी जेवढं फील्ड त्याच्या १० सेंटिमीटर वर गेलं की ३५ टक्केच उरतं, २० सेंटिमीटरवर ९ टक्के. छोट्या लूपचं तर त्याहून लवकर संपतं. बॉक्सवर जे मिलिटेस्ला छापलेले असतात ते कॉइलला चिकटून मोजलेले. पग किंवा पॉमेरेनियन असेल तर ठीक, पण रॉटवायलर, ग्रेट डेन, नाहीतर चाळीस किलोचा लॅब कुशीवर झोपला तर वरच्या बाजूच्या गाठीपर्यंत काय पोचत असेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून मी विचारणाऱ्याला नेहमी हेच विचारायला सांगतो की मॅटपासून १० आणि २० सेंटिमीटरवर किती फील्ड आहे ते लेखी द्या.

बरं, नुकसान काय आहे मग, करून बघायला काय जातं, असं कोणीही म्हणेल. दोन-तीन गोष्टी जातात. पहिली, जी गोष्ट रक्तप्रवाह वाढवते आणि भरून यायला मदत करते ती थेट गाठीवर ठेवणं डॉक्टरांना आवडत नाही, कारण गाठीलाही रक्तच हवं असतं. पीईएमएफने कुत्र्याची गाठ वाढली असं दाखवलेलं नाही, उंदरांवरच्या काही कामात तर उलट रक्तवाहिन्या कमी झालेल्या दिसल्या, पण सावधगिरी म्हणून फिजिओवाले लेझर आणि अल्ट्रासाउंड गाठीवर लावत नाहीत तसंच इथेही धरतात. हाड जुळवायची जी मान्यताप्राप्त मशीन आहेत त्यांच्या माहितीपत्रकातही बऱ्याचदा लिहिलेलं असतं की कॅन्सरमुळे मोडलेल्या हाडावर वापरू नका. म्हणून ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, असलेल्या पायावर स्वतःच्या मनाने मॅट गुंडाळणं नको. स्प्लीनचा (प्लीहेचा) हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर, असेल तर तो कधीही फुटून पोटात रक्तस्राव होतो, तिथेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनी चालू मशीनपासून लांब राहायचं, हे विसरतात लोक, कुत्रा आजोबांच्या पायाशीच झोपतो ना.

पण सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं. कॅन्सर एकच आजार नाही आणि कुत्र्यांमधले काही कॅन्सर चक्क बरे होतात, तिथे मॅटवर महिना घालवणं परवडत नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये, पंचवटीत काय किंवा सिडकोत काय, जो सर्रास दिसतो तो टीव्हीटी, कुत्र्याकुत्र्यांमध्ये संबंधातून पसरणारी गाठ, लघवीच्या जागेतून रक्त ठिबकतं. लोकांना वाटतं जखम झालीये किंवा हीटमध्ये आहे. त्याला व्हिनक्रिस्टिनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. पूर्ण. आणि ते औषध फार महागही नाही. नसबंदी न केलेल्या मादीला स्तनांच्या गाठी येतात, त्यातल्या साधारण निम्म्या साध्या असतात, निम्म्या कॅन्सरच्या, आणि लहान असताना काढली तर कॅन्सरवालीचाही निकाल बऱ्याचदा चांगला लागतो, तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की चित्र बिघडत जातं. लिंफोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, काहीच केलं नाही तर महिना-दीड महिना, नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने, आणि नीट केमो दिली तर त्यातल्या बी-सेल नावाच्या प्रकारात साधारण वर्षभर चांगलं जगतात. कुत्र्यांची केमो माणसांसारखी जीव काढणारी नसते, डोस मुद्दाम कमी ठेवतात, आणि पूडलसारखे सतत वाढणाऱ्या केसांचे सोडले तर बाकीच्यांचे केसही फारसे गळत नाहीत. ऑस्टिओसार्कोमा मात्र वाईट, नुसता पाय काढला तर मधलं आयुष्य चार-पाच महिने, सोबत केमो दिली तर दहा-बारा. तीन पायांवर कुत्रा मस्त पळतो बरं का, मालकालाच ते बघवत नाही.

म्हणून आधी गाठीला सुई घालून बघायची, एफएनएसी, लागली तर बायोप्सी, मग छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. यातलं बरंचसं नाशिकमध्ये होतं, सीटी स्कॅन किंवा मोठ्या केमोसाठी लोक मुंबई-पुण्याला जातात, परळचं व्हेटर्नरी कॉलेज तर १८८६ पासूनचं आहे. कसारा घाट उतरून आजारी कुत्रा न्यायचा म्हणजे हाल आहेत, मान्य, पण रिपोर्ट फोनवर पाठवून मत तरी घेता येतं. मॅटचे जे पैसे जातात, आणि ते पाच आकडीसुद्धा असतात, त्यात एवढ्या तपासण्या होऊन उरतात.

आणि काही वेळा उपचार करण्यासारखं काही उरलेलंच नसतं, किंवा झेपत नाही, खर्च म्हणा, वय म्हणा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तिथे खरं काम असतं दुखणं आटोक्यात ठेवायचं, आणि तिथे मॅट किंवा लूपला जागा आहे, पेनकिलरच्या जोडीला, पेनकिलरच्या जागी नाही. हाडाच्या कॅन्सरचं दुखणं तर गोळ्यांशिवाय आटोक्यात येतच नाही. डॉक्टर मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, गॅबापेंटिन असं काही देतील ते वेळेवर द्या. घरातली कॉम्बिफ्लाम किंवा व्होवेरान अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडनी घालवतात. स्टेरॉइड चालू असेल तर त्याच्यासोबत मेलॉक्सिकॅमसारख्या गोळ्या स्वतःहून सुरू करायच्या नाहीत, दोन्ही मिळून पोट फोडतात.

वापरायचं ठरलंच तर डॉक्टरांना गाठ कुठे आहे ते दाखवून विचारा की लूप कुठे ठेवू, बहुतेक वेळा गाठ सोडून दुसऱ्या दुखऱ्या जागेवर, म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे सांधे, कंबर, किंवा तीन पायांवर आल्यामुळे ज्याच्यावर जास्त भार आलाय तो पाय. कुत्र्यांचे लूप साधारण १५ मिनिटांच्या सेशनचे असतात, दिवसातून दोन-चार वेळा, मॅट थोडी जास्त वेळ. जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त फायदा असं काही नसतं. झोपवायला जबरदस्ती करू नका, उठून गेला तर जाऊ द्या. वायर चावणार नाही अशी ठेवा, पिल्लू असेल तर विशेष.

फरक पडतोय का हे कसं कळणार, तर इथे आपल्या डोळ्यांवर फार भरवसा नको. २०१२ मध्ये अमेरिकेत एक काम छापून आलं, सांधेदुखीने लंगडणारी कुत्री, त्यांना खोटं औषध दिलेलं, आणि पायाचा दाब मोजणाऱ्या प्लेटवर चालवून बघितलेलं की काही बदल नाही, तरी निम्म्याहून जास्त वेळा मालकांनी सांगितलं की फरक आहे. डॉक्टरांनाही चाळीस-पंचेचाळीस टक्के वेळा तसंच वाटलं. कुत्र्याला प्लासिबो, म्हणजे असं खोटं औषध, कळत नाही असं म्हणतात ना, कुत्र्याला नसेल कळत, आपल्याला कळतो. त्यात पैसे घातले असतील तर फरक दिसतोच. म्हणून मशीन सुरू करायच्या आधीपासून एका वहीत लिहा, किती जेवला, जिन्याच्या किती पायऱ्या चढला, रात्री किती वेळा उठला, पेनकिलरचा जास्तीचा डोस लागला का. शक्य असेल तर घरात एकानेच मशीन लावायचं आणि दुसऱ्याने, ज्याला आज लावलं की नाही माहीत नाही, त्याने वही लिहायची. जरा विचित्र वाटतं, पण आमच्याकडे मोटर दुरुस्त झाली की नाही हेही ज्याने वाइंडिंग केलं त्याला विचारत नाहीत, मीटरला विचारतात.

याच वहीत अमेरिकेतल्या व्हेट अॅलिस व्हिलालोबोस यांनी बनवलेली मोजपट्टी पण वापरा, आठवड्यातून एकदा. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना ० ते १० मार्क. सगळे मिळून ३५ च्या वर असतील तर गाडी ठीक चाललीये असं धरतात. त्याच्या खाली सतत राहायला लागले तर डॉक्टरांशी पुढचं बोलावं लागतं, म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं कधी हे. तो विषय मॅट घेऊन टळत नाही, फक्त कुत्रा जास्त दिवस दुखत राहतो. मला विचाराल तर माझं मशीनवाल्यांवर जे काही भांडण आहे ते एवढंच आहे.

विकत घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडे १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात त्यात चालत नाही, आणि त्या कायद्यात माणसांसोबत प्राणीही धरलेले आहेत. म्हणून हुशार विकणारा लिहिताना वेलनेस लिहितो आणि फोनवर बोलताना कॅन्सर बोलतो. फ्रिक्वेन्सी किती, कुठल्या अंतरावर किती फील्ड, सेशन किती वेळाचं, बिल आणि परत घ्यायची अट, एवढं कागदावर मागा. काही ठिकाणी भाड्याने पण मिळतं, फिजिओ करणाऱ्या व्हेटकडे असेल तर तिथेच सेशन घेता येतात, ते सगळ्यात बरं. दोन-तीन आठवडे वही लिहून बघा, काही दिसलं नाही तर मशीन परत करून टाका आणि ते पैसे गोळ्यांना, ब्लड टेस्टला आणि त्याला जे काही आवडीने खावंसं वाटतंय त्याला घाला.